कणगीतली जेवणं

२६ जानेवारी, रविवार

शाळेतलं झेंडावंदन आटोपलं आणि अकरा वाजता आमच्या पडवीत कणगी सुरू झाली. हे नाव माझं नाही. मी ठेवलेलं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. "हाई तर कणगी शे. दाना टाका, जवय लागी तवय काढा." तेव्हापासून सगळ्या गावात, कोरीटमध्ये, तेच नाव झालं.

ती एक काळी पेटी आहे. आत चार डिस्क, कान लावला तर मोहोळासारखी गुणगुण. दिवाळीनंतर मिरच्या वाळवायच्या पथाऱ्यांच्या कडेने चर खणून फायबरची तार गावात आली. जोडणाऱ्या माणसाने तारेचा एक तुकडा मला दिला. केसाएवढी काच. उन्हाकडे धरली तर टोकाशी चांदणीएवढा उजेड दिसतो. परीक्षेत यावर मी पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं, पण तो उजेड तेव्हा दिसला नव्हता.

आमच्या भाऊबंदात एक्केचाळीस घरं. सगळ्यांचे फोन भरलेले. नवीन व्हिडिओ काढायचा तर जुना पुसायचा. कुणाला काही पुसावं लागू नये, एवढीच माझी इच्छा. आमच्या घरात पदवीपर्यंत मी पहिली पोहोचले. त्या कागदाचा घराला काही उपयोग व्हावा.

पेटी किती मोठी घ्यायची हे आठवडाभर सुचत नव्हतं. मग कानबाईचे रोट आठवले. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा आमच्यात माणशी पाच मुठी गहू मोजून दळतात. त्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि उरूही द्यायचे नाहीत. इतक्या पिढ्यांत हे मोजमाप चुकलेलं नाही. मग मीही माणशी पाच मुठी धरल्या. एक मूठ म्हणजे दहा जीबी. रोटाला पुरुषच मोजतात, मी बाया-पोरीही मोजल्या. दोनशे बारा माणसं. पाच वर्षं सहज निघतील.

पहिली आली शेजारची दगूबाई. आबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको, म्हणून मी तिला मोठमाय म्हणते. पदराच्या गाठीत तीन मेमरी कार्डं बांधून आणली होती.

"यामा काय शे, मोठमाय?"

"जेवणं," ती म्हणाली. "घरनी."

दोन वर्षांतले दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ होते. सगळे कणगीत घातले, कार्डं कोरी करून तिच्या हातात दिली. ती घाबरली. "बठ्ठं गयं?" मी म्हटलं, गेलं नाही, इथे आलं. आता इथून कधीच जाणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठमायचा मुलगा नवनीत सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. त्याने तिला नवा फोन पाठवलाय. ती तो मिठाच्या बरणीला टेकवून उभा करते आणि जिभाऊ जेवायला बसले की चालू करते. जिभाऊ म्हणजे तिचे मालक, हिलाल जिभाऊ. तीस वर्षं गावातले तंटे पारावर बसून त्यांनीच मिटवले. मोठमाय पूर्वी दहा मिनिटं काढायची, आता अख्खं जेवण काढते, कारण फोनमध्ये जागा आहे, तारेत जागा आहे आणि कणगीतही आहे.

आज भाजी द्यायला गेले तर जिभाऊ ताटावर बसले होते आणि समोर जुन्या फोनमध्ये कालचे जिभाऊ जेवत होते. दोघांचा घास एकदमच उचलला जात होता. मला हसू आलं. मोठ्या माणसांनाही स्वतःला पडद्यावर पाहायची हौस असते.

मला बघून म्हणाले, "ये शीला." शीला ही त्यांची धाकटी बहीण, चिंचपाड्याला दिलेली. म्हटलं, मी रुपा. ते हसले. थट्टा करायची त्यांची जुनी सवय आहे.

२ मार्च, रविवार

मला वाटलं होतं कणगी हळूहळू भरेल. एका महिन्यात पाचवा हिस्सा भरला.

चुलतभाऊ हेमकांतने पपईच्या शेतात चार कॅमेरे बसवलेत. रानडुकरं येतात म्हणून. आतापर्यंत एक मोर आला. बाकी चोवीस तास, चारी बाजूंनी, रानात कुणी आलं नाही हे आम्ही जपून ठेवलंय. "पन किती साफ दिखस!" तो म्हणतो. "पान हालस ते बी दिखस." ते मात्र खरं. मी अर्धा तास नुसती पानं पाहत बसले. वारा आधी डाव्या कॅमेऱ्यात येतो आणि मग उजव्या. असा वारा मी आजवर पाहिला नव्हता.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्या. लिंबाला झोका बांधला, दिवसभर गाणी. संध्याकाळपर्यंत कणगीत तोच झोका सतरा फोनांतून आला. सतरा वेळा तोच लिंब, तोच दोर, तीच गाणी. एकच ठेवावा असं मनात आलं. पण प्रत्येकीने आपल्या माणसाकडे फोन धरलेला, त्यामुळे कुठला ठेवणार?

मोठमायच्या फोनची काहीतरी गडबड आहे. कुणी काय कधी उघडलं ते मला इकडे दिसतं. फेब्रुवारीत ती कालचे व्हिडिओ बघायची. मार्चमध्ये दिवाळीचे. आता गेल्या वर्षीच्या आखाजीचे. उलट्या दिशेने चाललीय. वाचता येत नसल्यामुळे कुठेतरी चुकीचं बटण दाबलं गेलं असणार. मी जाऊन नीट लावून दिलं. उघडलं की सगळ्यात नवं आधी दिसेल.

"ऱ्हाऊ दे ना बेटा. मन्हं जमस तसं."

"नाही मोठमाय, आता एकदम सोपं झालं."

तिने चहा दिला.

१९ मे, सोमवार

दुपारी पडवीत पेटीशेजारीच डोळा लागला. स्वप्नात कणगी खरोखरची होती, बांबूची, शेणाने लिंपलेली, आणि तिच्या फटींतून उजेड बाहेर येत होता. आत हात घातला तर दाणे कोमट लागले. एक मूठ वर काढली, तर प्रत्येक दाण्यात कुणीतरी जेवत होतं, झोका घेत होतं, पपईखाली उभं होतं. मूठ परत टाकली तर आतून पाण्यासारखा आवाज आला. खोली कळेना.

जागी झाले तेव्हा पेटी तापली होती. अडुसष्ट टक्के.

माझं कुठे चुकलं ते आता कळतंय. नळाला करंगळीएवढी धार होती तोवर हंडा मोठा वाटायचा. व्हिडिओ पाठवायचा तर लोक तो बारीक करून पाठवायचे, वाट बघायचे, निम्मे पुसायचे. धार मोठी झाल्यावर हंडा तेवढाच राहिला, पण कुणी ओंजळीने पाणी घेईना. फोन आपोआपच मोठं काढतो, आपोआप इकडे पाठवतो. आणि चांगलं दिसलं की माणूस आणखी काढतो. गव्हाचं तसं नसतं. पोट भरलं की माणूस थांबतो.

मोठमाय अंगठा चोळत होती. विचारलं तर म्हणाली, फोन सरकवून सरकवून दुखतो.

१५ जून, रविवार

आज जिभाऊंनी मला ओट्यावर बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, घरमा सांगू नको. मन्ही बाईनी चार दिनपासून मले जेवाले दिधं नही."

 मग म्हटलं, "जिभाऊ, तुमचं रोजचं जेवण कणगीत आहे! मी स्वतः बघते."

"मंग ते तूच खाधं व्हई!"

मी इतकी हसले की माय बाहेर आली. मोठमायही दारात आली होती, ती मात्र हसली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "मस्करी करस धल्ला. कानथून कमी ऐकू येस, मंग काही बी बोलस."

धल्ला म्हणजे म्हातारा. पन्नास वर्षांचा संसार. कुरबुरी असतातच. पण जिभाऊ वाळलेत खरे. मिशा तर दीड वर्षापूर्वीच काढल्यात. मोठमाय सांगते, हाताला कंप आहे, म्हणून तीच वस्तऱ्याने दाढी करते. पूर्वी त्या मिशा गावात येणाऱ्या पाहुण्याला आधी दिसायच्या.

८ जुलै, मंगळवार

चौऱ्याण्णव टक्के.

आबा म्हणाले, "तुन्ही कणगीले बूड शे का नही?" माय म्हणाली, "दानाले किडा लागस म्हनीसन आपन कणगी दर साल झाडतस. तू झाड ना."

तीन ऑगस्टला कानबाई बसणार. सुरतेहून, उधन्याहून, नाशिकहून सगळे येतील. चारशे माणसं, चारशे फोन. मला यंदा कानबाई सुरतेतल्या न येणाऱ्यांना थेट दाखवायची आहे. पडवीत बसून मी किती वेळा ते मनात पाहिलंय. ढोल इथे वाजतोय आणि तिकडे कुणाच्यातरी भाड्याच्या खोलीत बाई पोळपाट बाजूला ठेवून हात जोडतेय. त्यासाठी जागा हवी. नवी डिस्क आणली तरी तीही भरेल, हे आता कळलंय.

म्हणून नियम केला. नव्वद दिवसांत ज्याने जे उघडलं नाही ते त्याला नको आहे. हा न्याय सगळ्यांना सारखा, त्यात माझाही पदवीदानाचा व्हिडिओ आला. मी तो खरंच उघडला नव्हता. ग्रुपवर सूचना टाकली आणि बारा दिवसांची मुदत दिली. सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला. ज्यांचं काहीही जाणार नाही तेच बहुधा.

२० जुलै, रविवार

सकाळी पुसलं. हेमकांतचं रिकामं रान, झोक्यांतले काही, मोठमायच्या जुन्या तीन कार्डांतलं न उघडलेलं. कचरापेटीही रिकामी केली. मोठमायच्या जुन्यांनी जागा अशी काही अडवली नव्हती, तिचं एका आठवड्याचं नवं जेवण त्या तीनही कार्डांपेक्षा जड असतं. पण नियम म्हणजे नियम. जानेवारीत इथे आल्यापासून त्यातलं सुरुवातीचं एकदाही उघडलं गेलं नव्हतं.

पेटीची गुणगुण हलकी वाटली. अंगण झाडल्यावर वाटतं तसं वाटलं.

२७ जुलै, रविवार

आजच लिहायला हवं.

मोठमाय दुपारी आली आणि उंबऱ्यातच बसली. "रुपा, मन्ही सुरुवातनी जेवणं कोठे गयात? मिशावाली."

मी नियम सांगितला. ती हळूच म्हणाली, "जिभाऊ बुधवारपासून जेवेल नही."

नंदुरबारच्या डॉक्टरांनी सलाईन लावून परत पाठवलंय. शरीराला काही झालेलं नाही, कसंही करून पोटात अन्न जाऊ द्या म्हणाले.

मग तिने सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून आहे. जेवले की विसरतात आणि आलेल्या-गेलेल्याला सांगतात, बाई उपाशी ठेवते. पंच माणूस, त्याची गोष्ट गावात कशी न्यायची, म्हणून ती बोलली नाही. तिने जेवण फोनमध्ये धरून ठेवलं, की बघा, हे तुम्ही जेवलात. ते पाहिलं की गप्प व्हायचे आणि मग पुढचंही जेवायचे.

"पहिले कालनं दखाडू. मंग एक दिन म्हने, हाऊ धल्ला कोन शे? मंग दिवाईनं दखाडं. मंग गये आखाजीनं. मांगे मांगे जाऊ लागनू. आते तर आरसा बी झाकी ठेवेल शे. फक्त तो पहिला, मिशावाला दिखना की ताटवर बसस."

 उलटी दिशा नव्हती ती. तिला बटण चुकलं नव्हतं. नव्वद दिवस ते उघडलं नाही, कारण त्याची पाळी अजून आली नव्हती. आणि नवं आधी दिसण्याची सोय मी करून दिली. तिचा अंगठा दुखला तो त्याने. कार्डं कोरी केली तीही मीच.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठताना म्हणाली, "तू तरी काय करशी. तुले सांगंच कोठे?"

२८ जुलै, सोमवार

पुसलेलं परत काढता येतं, पण पेटीत नवं काही लिहिलं गेलं की त्याच्या खुणाही जातात. म्हणून कणगी सगळ्यांना बंद केली. ग्रुपवर लिहिलं, यंदा थेट कानबाई दाखवणार नाही, चूक माझी आहे. सुरतेहून चाळीस संदेश आले. हेमकांत येऊन म्हणाला, "मंग मन्हा मोर कोठे ठेवू?" मी वर पाहिलं नाही तेव्हा तो शेजारी बसला आणि माझा थंड झालेला चहा पिऊन गेला.

३० जुलै, बुधवार

तीन दिवस तुकडे वर काढतेय. एक हात आणि त्यात भाकरीचा तुकडा, चार सेकंद. ताटातली वांग्याची भाजी, एक सेकंद. भिंत. भिंतीवर उन्हाचा चौकोन. पुन्हा भिंत. चेहरा कुठेच नाही. मधल्या आठ दिवसांत त्याच जागी दुसऱ्यांचं काहीतरी येऊन बसलं.

जिभाऊ चहा आणि थोडं दूध घेतात. मी नवा व्हिडिओ घेऊन गेले तर तोंड फिरवलं. "परका मानूस समोर बसेल शे. तो जाऊ दे, मंग जेवसू."

२ ऑगस्ट, शनिवार

नवनीत आला. मी त्याला गाठून सगळं सांगितलं, माझ्याबद्दलचंही. तो रागावला नाही, ओट्यावर बसून फोन काढला.

"माय मले रोज टाके. बाबा जेवनात म्हनीसन. मले वाटे, मायले दुसरं काही टाकता येत नही."

त्याच्याकडे तसले अकरा व्हिडिओ उरले होते. पहिल्या वर्षीचे. तेव्हा गावात तार नव्हती. दहा मिनिटांचा जाईना म्हणून मोठमाय त्याला मिनिटभराचा वेगळा काढून पाठवायची, आणि फोन तोही पिळून पिळून इवलासा करायचा. इतके लहान की पुसून काही जागाही मिळत नाही, म्हणूनच राहिले. उघडला. सगळं ठिपक्याठिपक्यांचं. धोतर म्हणजे एक पांढरा ढग. मिशांच्या जागी एक काळी रेघ. चेहरा असा नाहीच, ऊन पडलेल्या पाण्यात दिसावा तसा काहीतरी.

यात ते स्वतःला कसे ओळखणार? मी नवनीतला म्हटलं नाही, पण मला वाटलं, संपलं.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाईला काल बसवलं, सकाळी नदीवर वाजत-गाजत निरोप दिला. मीही गेले. ढोल माझ्या आतून वाजतोय आणि मी मात्र दूर कुठल्यातरी खोलीत बसून पाहतेय, असं वाटत राहिलं. परतल्यावर मोठमायने हाक मारली. रोट झाले होते. माणशी पाच मुठींचे, त्यांच्या घरात नवनीत आणि जिभाऊ, दोघांच्या नावाचे.

जिभाऊंना ताटावर बसवलं. त्यांनी ताट सरकवलं. नवनीतने फोन मिठाच्या बरणीला टेकवला आणि तो इवला व्हिडिओ लावला.

जिभाऊ पुढे वाकले. बराच वेळ पाहत राहिले. ठिपक्यांचा माणूस घास उचलत होता, ठेवत होता, पुन्हा उचलत होता. मिनिट संपलं, नवनीतने परत लावलं. तिसऱ्या वेळी जिभाऊंनी मोठमायला विचारलं, "हाऊ घरनाच शे ना?"

 मला वाटलं ती म्हणेल, अहो, हे तुम्हीच.

"घरनाच शे," ती म्हणाली.

"भाऊबंद?"

"भाऊबंदच. लांबथून येल शे."

"मंग त्याले रोट काबर नही वाढेल?" जिभाऊ पारावर बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "मानूस कोरडा घास खाई ऱ्हायना." त्यांनी आपल्या ताटातला रोट मोडला. एक तुकडा फोनसमोर ठेवला, दुसरा खिरीत बुडवून तोंडात घातला. समोरच्याकडे बघत सावकाश चावला. मग पुढचा. "खाय भो. लाजू नको. हाई पुरं करनं पडस."

दीड रोट जेवले. नवनीत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्यांनी स्वतःला कधी ओळखलं होतं की नाही, मला आता सांगता येणार नाही. मिशावाला कोण वाटायचा त्यांना, हे मोठमायलाही माहीत नाही. तिने विचारलं नाही. मी जानेवारीत माणशी पाच मुठी मोजल्या होत्या, पण एका जिभाऊंच्या घरात किती जिभाऊ जेवायला बसतात ते मोजलंच नव्हतं.

हात धुवून जिभाऊ ओट्यावर जाऊन झोपले. मोठमाय ताट उचलायला वाकली. फोनसमोर तो तुकडा तसाच होता.

"खाय," तिने तो माझ्या हातावर ठेवला. "उरू देवानं नही."

मी उभ्यानेच खाल्ला. अजून कोमट होता.